टांगेवाल्या आक्कांचा घोडा

आक्कांकडून गाडीच्या सीटवर चित्र काढून घ्यायचं तर आधी त्यांना त्या गाडीतून फिरवून आणावं लागे. यात कुणालाही सूट नव्हती. दारात गाडी उभी राहिली की आक्का चष्मा कपाळावर चढवत, हातातलं काम पाटावर ठेवत आणि म्हणत, "चल, एक चक्कर मार. मग बोलू." डाव्या सीटवर त्या ऐसपैस बसत आणि गाडी गंगापूर रोडने धरणाच्या दिशेने निघे. रस्त्याकडे त्यांचं लक्षच नसे. त्या चालवणाऱ्याकडे बघत बसत. परत आल्यावर त्या मालकाला सांगत, "तू ब्रेक मारताना उजवा खांदा मागं रेटतो. तिथं चित्र काढलं तर वरसात झिजून जाईल. तुझं चित्र डाव्या अंगाला." मालक बिचारा आपल्याच खांद्याकडे बघत राही.

त्यांना सगळे टांगेवाल्या आक्का म्हणत. टांगा त्यांनी कधी हाकला नव्हता. त्यांचे सासरे जुन्या नाशकात टांग्यांच्या गाद्या, हुडं आणि घोड्यांचा साज शिवायचे. भद्रकालीच्या मागच्या बोळात त्यांचं लांबट, अंधारं दुकान होतं. सासऱ्यांपाठोपाठ नवरा गेला, हळूहळू टांगेही गेले आणि दुकानात राहिल्या आक्का, एक दणकट मशीन आणि चामड्याचा वास. मग त्यांनी गाड्यांच्या सीटा शिवायला घेतल्या. नव्वदच्या सुमाराला नाशकात गाड्या वाढू लागल्या होत्या. मुंबई नाक्यावर माझं गाड्यांच्या सजावटीचं दुकान होतं. गालिचे, पडदे, टेपरेकॉर्डर असा सगळा माल मी ठेवायचो. चामड्यावर चित्र हवं असं गिऱ्हाईक म्हणालं की मी त्याला घेऊन आक्कांकडे जायचो. खरं सांगायचं तर त्यांचं काम बघायला मिळावं म्हणून मी गिऱ्हाइकांच्या डोक्यात चित्राचं खूळ भरवून द्यायचो.

मला त्या बाईची भीती वाटायची, आणि कौतुक तर इतकं वाटायचं की समोर तोंडातून शब्द फुटत नसे. ते त्यांना चालायचं नाही. विनय नावाचा पदार्थ आक्कांच्या घरात शिजतच नव्हता. काम पुरं झालं की त्या कंबरेवर हात ठेवून उभ्या राहत आणि म्हणत, "नुसता बघतो काय? चांगलं झालं म्हण की. तोंड दिलंय ना देवानं?" मी म्हणायचो. मग त्या समाधानाने मान हलवत आणि नुकत्याच शिवलेल्या सीटवर धप्पकन स्वतः बसून घेत. पहिलं बसणं त्यांचं. मालकाचा नंबर नंतर. गिऱ्हाइकाला हा उद्धटपणा वाटे. आक्का म्हणत, "मी शिवलं, मी नको बघायला बूड टेकतं का नीट?"

लोक मासिकातली पानं फाडून आणत. कुणाला परदेशी गाडीवरचा उधळलेला घोडा हवा असे, कुणाला बैल, कुणाला पंख. गाडी साधी आणि बिल्ला मात्र साहेबी. आक्का ते पान हातातही घेत नसत. "ही दुसऱ्याच्या घरची पाटी. तुझ्या दाराला कशाला लावायची? तुझं काय हाय ते सांग." आणि माणूस अडकायचा. आपलं काय आहे हे सांगणं किती अवघड असतं, ते मी त्या बोळात उभं राहून पाहिलं आहे. लासलगावचा एक कांद्याचा व्यापारी वाघ मागायला आला आणि शेवटी कांदा घेऊन गेला. आडवा चिरलेला कांदा, एकात एक चकत्या, तांबूस दोऱ्याने काढलेल्या. लोकांना तो उगवता सूर्य वाटे आणि व्यापारी कुणाची चूक दुरुस्त करत नसे. ओझरला विमानाच्या कारखान्यात आयुष्य काढलेले एक गृहस्थ विमान मागायला आले. आक्कांनी त्यांना खोदून खोदून विचारलं. मग सीटच्या पाठीवर त्यांनी जमिनीवरून सरकणारी विमानाची सावली काढली. ते गृहस्थ त्या सावलीवरून बोट फिरवत राहिले. नंतर म्हणाले, "आम्ही खालून हेच बघत आलो."

आधी रेघ मारून घेणं त्यांना मंजूर नव्हतं. समोर चामडं ताणून त्या कितीतरी वेळ नुसत्या बसत. मग आरी, म्हणजे चामड्याला भोक पाडायचं ते टोकदार हत्यार, उचलत आणि पहिलं भोक पाडत. त्यानंतर दुकानात कुणी बोलायचं नाही, रेडिओ लावायचा नाही. मी एकदा विचारलं होतं की आधी पेन्सिलीने काढून घेतलं तर काय बिघडतं. त्या म्हणाल्या, "कापड विसरतं रे दिनू. उसवलं, धुतलं, भोक बुजलं. चामडं विसरत नाय. एकदा भोक पाडलं का ते मरेस्तोवर राहतं. म्हणून मी उसवत नाय. लग्न झाल्यापासून एक टाका उसवलेला नाय." हे त्या फुशारकीने सांगत, आणि ते खरं होतं.

दिंडोरीचे भाऊसाहेब आले ते दोन हजार सालाच्या थोडं पुढे. द्राक्षबागायतदार माणूस, माल परदेशी जायचा. त्यांनी मुंबईहून एक जुनी परदेशी स्पोर्ट्स कार आणली होती. लाल, बुटकी, दोनच सीटांची. आत बसायचं तर जमिनीवर बसल्यासारखं बसावं लागे. सीटांचं चामडं त्यांनी नवं, तपकिरी घालून घेतलं होतं. एवढी देखणी गाडी त्या बोळात कधी आली नव्हती. पोरंसोरं, म्हातारे, शेजारचा पानवाला, सगळे गोळा झाले. आक्का गर्दीतून वाट काढत आल्या आणि सीटवर बसता बसता म्हणाल्या, "हिच्यात बसायचं का झोपायचं?"

चक्कर मारून आल्यावर त्या गाडीतून लवकर उतरल्या नाहीत. भाऊसाहेब बोलत होते. ते मला नंतर कळलं, कारण मी मागे राहिलो होतो. दुसरी सीट त्यांना आईसाठी हवी होती. त्यांचं कुलदैवत चंदनपुरीचा खंडोबा. माई, म्हणजे त्यांची आई, जन्मभर यात्रेला बैलगाडीतून, मग ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून, मग माणसं कोंबलेल्या जीपमधून गेली. वडील गेले. हातात पैसा आला तो असा उशिरा. आता एकदा तरी आईला या गाडीत शेजारी बसवून चंदनपुरीला न्यायचं, एवढाच त्यांचा हट्ट होता. बाकी गाडीचं काय करायचं ते त्यांना स्वतःलाही ठाऊक नव्हतं.

"म्हणून आईच्या सीटवर घोडा पाहिजे," गाडीतून उतरल्यावर भाऊसाहेब म्हणाले. "पण त्या परदेशी गाडीवरचा नको. आपला. देवाचा. आक्का, वर देव काढू नका मात्र. सीट हाय, पाठ टेकणार माणूस. नुसता घोडा काढा."

दोन्ही सीटांवर काढायचा का, असं मी मधेच विचारलं. आक्का म्हणाल्या, "दोन घोडे म्हंजे बग्गी. एकच."

तो घोडा त्यांनी कसा काढला हे मी सांगू शकत नाही, कारण मी बघत होतो तरी मला ते कळलं नाही. पांढरा दोरा मेणातून ओढून त्या एकेक टाका घालत होत्या. आधी खूर, मग गुडघा, मग उचललेला पुढचा पाय. साज तर त्यांच्या सासऱ्यांच्याच हातचा वाटावा असा, लगामाच्या कडीपासून पाठीवरच्या खोगिरापर्यंत. खोगीर रिकामं होतं. आक्का जेवायला विसरत. डोळा त्यांनी सगळ्यात शेवटी काढला, काळ्या दोऱ्याने, आणि त्या घोड्याने आमच्याकडे बघितलं. मला दुसरे शब्द सापडत नाहीत. मी दोन पावलं मागे सरलो आणि माझे हात आपोआप जोडले गेले.

आक्का कंबरेवर हात ठेवून उभ्या होत्या. चांगलं झालं म्हण, असं त्या म्हणाल्या नाहीत. आणि त्या दिवशी सीटवर बसल्याही नाहीत. पदराने चष्मा पुसला, नुसत्या उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "ने म्हणावं त्याला गाडी."

पुढच्या महिन्यात भाऊसाहेब माझ्या दुकानात आले ते जीप घेऊन. चेहरा उतरलेला. झालं असं की गाडी घरी नेल्यावर माईंनी तिला ओवाळलं, दार उघडलं, घोडा पाहिला आणि तिथेच जमिनीवर डोकं टेकवलं. त्या दिवसापासून त्या रोज सकाळी घोड्याला फूल वाहत होत्या आणि सीटवर भंडारा उधळत होत्या. गाडीत चपला घालून जायला बंदी. देव घेऊन बाजारात हिंडायचं नाही, म्हणून गाडी बाहेर काढायलाही बंदी. स्पोर्ट्स कार शेडमध्ये हार घालून उभी होती, आणि वाड्यावस्तीवरची माणसं तिच्या दर्शनाला येऊ लागली होती.

"मी म्हणलं, आई, गाडी हाय ही, देव्हारा नाय," भाऊसाहेब म्हणाले. "ऐकायला तयार नाय. यात्रा आली तोंडावर. म्हणती, मी येईन ट्रॉलीत बसून. घोडा काढून टाका म्हणलं तर आक्का कशा उसवतील, आणि भोकं तर राहणारच. काय करू सांगा."

मला हसू येत होतं आणि त्यांच्याकडे बघून ते जिरतही होतं. आम्ही दोघं आक्कांकडे गेलो. सगळं ऐकून त्या चिडतील असं मला वाटलं होतं. त्यांनी फक्त "हां" म्हटलं. थोड्या वेळाने म्हणाल्या, "उद्या येते." दुसऱ्या दिवशी त्या जीपमध्ये बसल्या तेव्हा त्यांच्या मांडीवर हत्यारांची पिशवी होती. दिंडोरीपर्यंत त्यांनी तिच्यावरचा हात काढला नाही.

शेडमध्ये लाल गाडी झेंडूच्या हारात उभी होती. दार उघडं होतं आणि दाराशी पाटावर माई बसल्या होत्या. अंगाने बारकुळ्या, कपाळभर भंडारा. आक्का जाऊन त्यांच्या शेजारी, खाली फरशीवर बसल्या. पाणी झालं, चहा झाला, कुणाचं माहेर कुठलं ते झालं. आम्ही दोघं पुरुष शेडच्या दाराशी ताटकळत होतो.

"माई, बसत का नाय तुम्ही?" आक्कांनी विचारलं. "पोरानं तुमच्यासाठी केलं हे."

"मला काय समजत नाय का ते?" माई म्हणाल्या. "पण घोडा उभा हाय म्हंजे देव इथंच कुठंतरी उतरला असंल. मी त्याच्या घोड्याला पाठ लावून बसू?"

आक्कांनी घोड्याकडे बघितलं. "मग घरात घ्या त्याला. देव्हाऱ्यात ठेवा."

"चामडं हाय, बाई. चामडं कसं चालंल देव्हाऱ्यात? तीच तर पंचाईत. बसताबी येत नाय आन पुजताबी येत नाय. मी रोज त्याची माफी मागती."

त्या शेवटच्या वाक्याने भाऊसाहेब तोंड फिरवून उभे राहिले. इतका वेळ त्यांना वाटत होतं की आई हट्ट करते आहे. ती अडकली होती, हे आत्ता त्यांना कळत होतं.

आक्कांनी माईंच्या कपाळावरच्या भंडाऱ्याकडे बघितलं. मग त्यांनी विचारलं, "माई, वाघ्याच्या गळ्यात भंडाऱ्याची पिशवी असती ना?"

"असती."

"कशाची असती?"

माईंनी मान वर करून आक्कांकडे पाहिलं. "चामड्याचीच असती," त्या सावकाश म्हणाल्या. खंडोबाचं नाव घेत दारोदार फिरणारे वाघे त्यांनी लहानपणापासून पाहिले होते. त्यांच्या गळ्यातली ती पिशवी देवाच्या पायाशी जाते, जागरणात मिरवते आणि तिचा कुणी विटाळ मानत नाही.

"मग?" आक्का म्हणाल्या.

माईंनी नुसती मान डोलावली, आणि डोळ्याला पदर लावला.

आक्कांनी हत्यारांच्या पिशवीतून सुरी काढली. त्या काय करणार आहेत हे मला कळलं. हे त्या बाईच्या हातचं सगळ्यात मोठं काम होतं. जन्मात टाका न उसवलेल्या त्या बाईने गुडघा गाडीत टेकवून सीटच्या पाठीची शिवण एका बाजूने धरली आणि करकर कापत नेली. घोड्याचं अख्खं पान सुटून बाहेर आलं. ते मांडीवर पसरून त्यांनी कात्री लावली, शेपटीच्या इतकी जवळून की मी डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा घोडा शाबूत होता, आणि उरलेल्या कातड्यातून त्या गळ्यात अडकवायचा बंद कापत होत्या. मी त्यांच्याइतकी धीट व्यक्ती पुढे कधी पाहिली नाही. विमानं बनवणारी माणसं पाहिली, अवघड घाटात ट्रक हाकणारी पाहिली, पण स्वतःचं सर्वांत सुंदर काम असं मांडीवर घेऊन त्यात कात्री घालणारं माणूस तेवढं एकच.

सीटच्या पाठीला आता मोठं भगदाड पडलं होतं. तिथे काय लावणार असं मी विचारायच्या आत आक्कांनी हत्यारांच्या पिशवीतून तपकिरी चामड्याचा तुकडा काढला. त्याच रंगाचा, त्याच मापाचा, कडेला दुमडूनसुद्धा घेतलेला. म्हणजे कात्री चालवायची हे त्यांनी नाशकातून निघण्याआधीच ठरवलं होतं. माईंकडून फक्त होकार घ्यायचा होता. जुन्याच भोकांतून नवा दोरा ओवून त्यांनी तो तुकडा बसवला. त्याच्यावर काही काढलं नाही. दुपार कलली तेव्हा सीट पुरी झाली होती आणि घोड्याची भंडाऱ्याची पिशवीही. माईंनी ती भंडाऱ्याने भरली, गळ्यात घातली, आणि घोड्यावर हात ठेवून बघितला.

"आता बसा," आक्का म्हणाल्या. "तो तुमच्या पाठीला नाय, पुढ्यात हाय."

माई चपला काढायला लागल्या तर आक्कांनी त्यांना काढू दिल्या नाहीत. "गाडी हाय माई. चपला घाला." माई वाकून, दाराला धरून, हळूच त्या बुटक्या सीटमध्ये उतरल्या. भाऊसाहेबांनी गाडी चालू केली तेव्हा तिच्या आवाजाने त्या दचकल्या आणि दोन्ही हातांनी पिशवी छातीशी धरली. हार तसाच अंगावर घेऊन गाडी द्राक्षबागांच्या मधल्या रस्त्याने निघाली. आम्ही बघत राहिलो. आक्कांना म्हटलं, "आक्का, घोडा गेला तुमचा." त्या हत्यारं पुसत होत्या. "जाऊ दे की," त्या म्हणाल्या. "शेडमध्ये हार घालून ठेवायला काढला होता का मी?"

आवाज नेहमीचाच होता. पण परतीच्या वाटेवर त्यांनी जीपच्या काचेकडे तोंड केलं ते नाशिक येईपर्यंत वळवलं नाही.

त्यानंतर त्यांनी फार वर्षं काम केलं नाही. डोळ्यांत काचबिंदू वाढला. दुकान बंद झालं आणि त्या इंदिरानगरला लेकीकडे राहायला गेल्या. मी अधूनमधून जाऊन बसायचो. दिसायचं बंद झालं होतं तरी रुबाब होता तसाच. चहा गार असला की परत पाठवायच्या. कांद्याची गाडी विकली गेली, सावलीवाल्या सीटवर नव्या मालकाने कव्हर चढवलं, असल्या बातम्या मी सांगायचो नाही. त्यांना बहुधा त्या ठाऊक असाव्यात.

माई गेल्या त्या वर्षी भाऊसाहेब ती पिशवी घेऊन माझ्याकडे आले. दरवर्षी माई तीच गळ्यात घालून त्या लाल गाडीतून चंदनपुरीला जात होत्या. शेवटच्या आजारपणात ती उशाशी होती. आता ती कुणी ठेवायची, असं त्यांना झालं होतं. "आक्कांच्या हातात देऊ," ते म्हणाले. आम्ही इंदिरानगरला गेलो.

आक्कांनी पिशवी मांडीवर घेतली आणि बोटांनी वाचायला सुरुवात केली. खूर, गुडघा, उचललेला पाय. पांढरा दोरा कधीच पिवळा झाला होता. चामडं मऊ पडलं होतं. बोटं मानेवरून वर गेली आणि थांबली. तिथे काहीच नव्हतं, नुसता एक गुळगुळीत खळगा.

"डोळा कुठंय?"

भाऊसाहेब म्हणाले, "झिजला, आक्का. आईचा अंगठा तिथंच असायचा. गाडीत बसली का धरून ठेवायची. दवाखान्यातबी सोडला नाय."

आक्कांनी आपला अंगठा त्या खळग्यात ठेवला. तो नीट बसला. बाहेरच्या खोलीत टीव्ही चालू होता, कुणीतरी मधेच येऊन चहा ठेवून गेलं. त्यांनी अंगठा उचलला नाही.

"किती गाड्या झाल्या रे दिनू," शेवटी त्या म्हणाल्या. "सगळं गेलं भंगारात. कुणी कव्हरं घातली, कुणी विकलं. माझ्या हातचं वापरून वापरून संपलेलं हे एवढंच."

पिशवी त्यांनी भाऊसाहेबांना परत दिली. "रिकामी ठेवू नको," इतकंच म्हणाल्या. त्यांच्या बोटांना भंडारा लागला होता. स्वतःच्या कामाला जन्मात हात न जोडलेल्या आक्कांनी ती पिवळी बोटं चाचपडत कपाळाशी नेली आणि तो भंडारा कपाळाला लावून घेतला.